नंबर नसलेली गाडी : इचलकरंजीची मीरा, देवराष्ट्रेची किकवाली आणि केडगावची पायपांची बग्गी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे तुटक झालं होतं ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग आमच्या गावापासून सुरू होतो. आमचं गाव केडगाव. नगरजवळचं केडगाव नव्हे हां, हे दरवेळी सांगावं लागतं. आमचं केडगाव दौंड तालुक्यातलं. पुणे–दौंड रेल्वेलाईनवरचं स्टेशन, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, नारायण महाराजांचं बेट, कांद्याचा बाजार आणि आजूबाजूला धूर सोडणारी गुऱ्हाळं. सोलापूर रोडवर चौफुल्याला उतरलात की आत वळायचं.

या गावात २००९ साली माझ्या मामांनी एक गाडी बनवली. विकत घेतली नाही, बनवली. आणि त्या गाडीला नंबर का मिळाला नाही, हे शोधता शोधता मला शंभर वर्षांचा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगणार आहे.

मामा वेल्डिंगवाले. ट्रॉलीचे फाळके, ऊसगाड्यांचे दांडे, गुऱ्हाळाच्या काहिलीचे कान, असली सगळी कामं त्यांच्याकडं यायची. एका गिऱ्हाइकानं पैशाच्या बदल्यात जुनी मारुती ८०० दिली. पत्रा पार सडलेला, इंजिन मात्र ठणठणीत. मामांनी काय केलं, मारुतीचा पुढचा अख्खा सेट, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही चाकं, असा एकत्र उचलला आणि दीड इंची पायपांच्या सांगाड्यात मागच्या बाजूला बसवला. पुढं दुसरी दोन चाकं, जुनंच स्टिअरिंग, दोन सीटा, डोक्यावर पायपांची कमान. दारं नाहीत, काच नाही. अमेरिकेत याला ड्यून बग्गी म्हणतात हे मामांना माहीत नव्हतं. ते तिला "पायपाची" म्हणायचे. "पायपाची काढ रे जरा, डेअरीला जाऊन येतो."

दुधाचे कॅन, उसाचं वाढं, खताची पोती, सगळं तिच्यावरनं जायचं. आम्ही पोरं मागं उभी राहायचो. दोन वर्षं कुणी काही म्हणालं नाही. मग एकदा चौफुल्याजवळ अडवली. नंबर? नाही. कागद? नाही. मामांनी दंड भरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. रीतसर नंबर घेऊन टाकतो."

आता ऐका. मामा फाईल घेऊन एका आरटीओ कचेरीत गेले. मी सोबत होतो, कॉलेजला होतो तेव्हा. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं,

"चेसिस नंबर?"

"त्या मारुतीचा आहे की साहेब. हे बघा आरसी बुक."

"मारुती कुठाय?"

"भंगारात घातली."

"मग नंबर कुणाचा देताय?"

मामा गप्प. साहेब वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं. नवीन गाडीच्या नोंदणीला अर्ज लागतो तो फॉर्म २०. त्याच्यासोबत विक्रीचा दाखला, फॉर्म २१, तो विकणारा देतो. आणि गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला, फॉर्म २२, तो उत्पादक देतो. "तुमचा उत्पादक कोण?"

"मीच की."

"मग काका, तुमचं टाईप अप्रूव्हल दाखवा."

तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

थोडं मागं जाऊ. आपल्याकडं मोटारी आल्या १८९८ च्या सुमारास, मुंबईत. सगळ्या देशासाठी पहिला मोटार कायदा झाला १९१४ साली. मग १९३९ चा कायदा आला, तो स्वातंत्र्यानंतरही चाळीसेक वर्षं चालला. या जुन्या व्यवस्थेत अधिकारी मुख्यतः समोरची गाडी बघायचा. ब्रेक लागतो का, दिवे आहेत का, स्टिअरिंग सैल तर नाही ना. गाडी कुठल्या कारखान्यात झाली हा प्रश्न होता, पण तोच एकमेव प्रश्न नव्हता.

आणि तसंही त्या काळात गाडी म्हणजे जोडणीचंच काम होतं. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला, तिथं परदेशातनं आलेले सुटे भाग जोडून शेवरले बनायच्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. ट्रकचं तर अगदी परवापर्यंत असंच होतं. चेसिस कंपनीची, बॉडी मिस्त्रीची. केबिनला लाकूड कुठलं, फाळका केवढा, "हॉर्न ओके प्लीज" कुठल्या रंगात, हे सगळं मिस्त्री ठरवायचा. आपले रस्ते निम्मे-अधिक मिस्त्री लोकांच्या गाड्यांवरच चालले.

याच काळात इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ होते. इंजिनिअरिंगची पदवी नाही, पण डोकं आणि हात दोन्ही विलक्षण. त्यांच्या डोक्यात होतं की सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपणच करायची. १९४९ साली त्यांनी पहिला नमुना तयार केला, दोन माणसांचा. गाडीचं नाव मीरा. पुढची वीसेक वर्षं ते ती गाडी सुधारत राहिले. इंजिन मागं, स्प्रिंगांच्या पाट्यांऐवजी रबराचं सस्पेन्शन, वजनाला हलकी. किंमत ठेवायची होती बारा हजार रुपयांच्या आसपास. आणि आपल्या आजच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं म्हणजे, मीराला रीतसर नंबर होता. एमएचके १९०६. माणसानं आपल्या हातानं केलेली गाडी, आणि तिला सरकारी नंबर!

मग मीरा आपल्या दारात का आली नाही? तर ती रस्त्यावर अडली नाही, कारखान्याच्या दारात अडली. १९५१ च्या उद्योग कायद्यामुळं मोटारी बनवायच्या तर दिल्लीचा औद्योगिक परवाना लागायचा. छोटी गाडी देशात कुणी बनवायची यावर वर्षानुवर्षं चर्चा चालली. १९७० साली मारुतीच्या प्रकल्पाला इरादापत्र मिळालं. इचलकरंजीची मीरा नमुन्यापुढं गेली नाही. म्हणजे तेव्हाचं सरकार म्हणत होतं, तुझी एक गाडी चालव, हजार बनवू नको. आज नेमकं उलटं झालंय. हजार बनवणार असशील तर ये, एकाच गाडीसाठी येऊ नको.

हे उलटं कधी झालं? १ जुलै १९८९ ला. त्या दिवशी १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम लागू झाले. त्यातला नियम १२६ आपल्या गोष्टीतला खरा नायक म्हणा नाहीतर खलनायक म्हणा. तो सांगतो की उत्पादकानं आपल्या मॉडेलचा नमुना ठरावीक संस्थेकडं तपासणीला द्यायचा. नमुना पास झाला की त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या पास. यालाच टाईप अप्रूव्हल म्हणतात. म्हणजे तुमच्या दारातल्या गाडीची परीक्षा झालेलीच नसते, तिच्या थोरल्या भावाची झालेली असते.

आता या तपासणी संस्था कुठं आहेत? एक नगरला, लष्कराच्या वाहनांची, व्हीआरडीई. आणि सगळ्यात मोठं नाव एआरएआय, १९६६ पासूनची, आपल्या पुण्यात. कोथरूडच्या बाजूनं वेताळ टेकडीवर चढलात की तिथंच. केडगावहून सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारच्या जेवणाआधी तिच्या दारात उभं राहता येतं. मामा म्हणाले, "मग जाऊ की, त्यात काय!" पण तिथल्या चाचण्या कंपन्यांसाठी आहेत. धडक चाचणी घ्यायची तर गाडी फोडावी लागते. कंपनीला एक नमुना फोडून लाख गाड्या विकायच्या असतात. मामांकडं एकच पायपाची होती. ती फोडून पास करून घेतली तर चालवायची काय?

इथं जरा अमेरिकेत जाऊन येऊ. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स नावाच्या, होड्या बांधणाऱ्या माणसानं फायबरची एक गाडी केली. वाळूत पळवायला. नाव मेयर्स मँक्स. पुढं त्यानं तिचा साचा असा बदलला की फोक्सवॅगन बीटल घ्यायची, वरचं कवच काढून टाकायचं, खालचा तळ थोडा कापून आखूड करायचा आणि त्यावर फायबरची बॉडी ठेवायची. घरच्या घरी, किट मागवून. हजारो लोकांनी अशा बग्ग्या केल्या.

त्यांना नंबर कसा मिळाला? मला हे कळलं तेव्हा मामांची फाईल डोळ्यासमोर आली. बीटलचा तळ आणि कवच वेगळं असतं, आणि तिचा चेसिस नंबर तळावर ठोकलेला असतो. कवच फेकलं तरी नंबर गाडीसोबतच राहतो. कागदावर ती १९६२ ची फोक्सवॅगनच! मारुती ८०० ला वेगळी चेसिस नाही. तिचा पत्रा हीच तिची चेसिस, आणि नंबर त्या पत्र्यावरच. मामांनी सडलेला पत्रा भंगारात घातला, तेव्हा त्यासोबत गाडीची ओळखच भंगारात गेली. इंजिन राहिलं, नाव गेलं.

अर्थात अमेरिकेतही सगळं गोड नाही. तिथं नोंदणी प्रत्येक राज्याची वेगळी. एखादं राज्य म्हणतं की बीटलच्या कागदावर चालेल, दुसरं म्हणतं ही "खास बांधलेली" गाडी, नव्यानं नोंदवा आणि आजच्या धुराच्या नियमात बसवा. साठ सालचं इंजिन आजच्या नियमात बसणार कसं? म्हणून बग्गीवाले आणि किटवाले कायम धास्तावलेले असतात. उद्या नियम बदलला तर वीस वर्षं चालवलेली गाडी शोभेची. पण त्यांनी भांडून वाटाही काढल्या. कॅलिफोर्नियानं २००१ साली कायदा केला की वर्षाला पहिल्या पाचशे घरगुती गाड्यांना, त्या ज्या सालच्या मॉडेलसारख्या दिसतात त्या सालचे धुराचे नियम लावायचे. इंग्लंडमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, कडा, पट्टे बघतात. पास झाली आणि तिचं वय, मूळ सांगता येत नसेल तर "क्यू" अक्षराचा नंबर देतात. थोडक्यात, "हिचा बाप कोण माहीत नाही, पण ही रस्त्यावर चालायला लायक आहे." आमच्या मामांना एवढंच हवं होतं.

आपल्याकडं कोर्टांनीही या प्रश्नात लक्ष घातलं. उत्तर भारतात पाणी उपसायचं डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून माणसं वाहायची, त्याला जुगाड म्हणतात. ते मोटार वाहन आहे की नाही? नसेल तर नोंदणी नको, विमा नको, कर नको. राजस्थानातलं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे २०१३ मध्ये कोर्टानं सांगितलं की जुगाड हेही मोटार वाहनच, सगळा कायदा त्यालाही लागू. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात कोर्टानं आणखी स्पष्ट केलं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड आला.

हे वाचताना मला आधी रागच आला. मग आमच्या वाडीतली २०१२ ची हिवाळ्यातली रात्र आठवली.

ऊसाचा हंगाम होता. तुम्ही आमच्या भागातले असाल तर सांगायला नको. ट्रॅक्टरमागं दोन-दोन टायरगाड्या, वर ऊस आभाळाला भिडलेला, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. या गाड्यांनाही आमच्याकडं जुगाडच म्हणतात. असलंच एक जुगाड पंक्चर होऊन अंधारात रस्त्यात उभं होतं. माझ्या मित्राचे वडील मोटारसायकलवरनं डेअरीतनं घरी येत होते. त्यांना ते दिसलंच नाही. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

नुकसानभरपाईचा दावा लावला. गाडीला नंबर नाही, नोंद नाही, विमा नाही. ट्रॅक्टरच्या विमा कंपनीनं हात वर केले, मागची गाडी आमच्या कागदात नाही म्हणाले. शेवटी चार माणसं बसली, जुगाडवाल्यानं थोडे पैसे दिले, तोही कर्जबाजारी. दोन्ही घरं बुडाली. आणि ते जुगाड कुणी जोडलं होतं? आमच्या मामांनी नाही, पण मामांसारख्याच कुणीतरी. "ये दांडा जोडून दे, हंगाम आलाय," म्हटल्यावर कुठला वेल्डिंगवाला रिफ्लेक्टरचं विचारतो?

त्या रात्रीनंतर मामांनी पायपाची डांबरी रस्त्यावर नेली नाही. कुणी अडवलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "माझ्या हातनं कुणाचं असं झालं तर मी कुठला कागद दाखवू?" नंबर म्हणजे नुसता कर नव्हे, मंडळी. नंबर म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदार कोण, याचं उत्तर. हे मला कायद्याच्या पुस्तकानं नाही, मामांनी शिकवलं.

आणि तरीही. डिसेंबर २०२१ मध्ये एक व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सामानातनं जीपसारखी छोटी चारचाकी केली. खर्च साठेक हजार. आणि ती चालू व्हायची दुचाकीसारखी किक मारून! आनंद महिंद्रांनी ट्विट केलं. कौतुक केलं, पण हेही लिहिलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी थांबवतील, म्हणून ही गाडी आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या घरी बोलेरो आली आणि किकवाली महिंद्रांकडं गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण मामांनी बातमी बघून विचारलं, "बोलेरो चांगली मिळाली. पण त्याची गाडी पास झाली का?" नाही, मामा. पास नाही झाली. लोहारांना बक्षीस मिळालं, नंबर नाही मिळाला. ज्या कंपनीच्या गाड्यांचा आरंभ माझगावला सुटे भाग जोडून झाला, तिच्या मालकांनासुद्धा आज या माणसासाठी कायद्यात दार सापडलं नाही. त्यांनी आपल्या घराचं दार उघडलं.

दार करता येतं, हे सरकारनं दाखवलंय. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम झाले. नव्या नोंदणीची फी वीस हजार, नंबरात "व्हीए" ही अक्षरं, रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शनाला, रॅलीला चालेल. म्हणजे "ही गाडी वेगळी आहे, हिचे नियम वेगळे" असं म्हणता येतं. मग हौशी माणसानं बांधलेल्या एकेका गाडीसाठी का नाही? वेग ठरवा, रस्ता ठरवा, हायवे बंद करा, विमा सक्तीचा करा, ब्रेक-दिवे कसून तपासा. पण तपासा तरी! दरवर्षी देशभरातली इंजिनिअरिंगची पोरं बाहा स्पर्धेसाठी स्वतः बग्ग्या बांधतात, २००७ पासून चाललंय हे. त्यात आपल्या पुण्याची पोरंही असतात. त्यांच्या गाड्या टेम्पोत घालून मैदानावर नेतात, टेम्पोत घालून परत आणतात. बांधायला शिकवतो आपण, चालवायला जागा नाही.

कायद्यात एक बारीक फट आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला केलेलं खास वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. आमच्या गावातल्या वकिलांनी ती फट मामांना दाखवली. मामांनी शेताला तारेचं कुंपण घातलं, गेट लावलं. आता पायपाची गेटच्या आत असते. गोठ्यापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून गोठ्यापर्यंत. गेल्या दिवाळीला गेलो होतो तेव्हा मामांनी तिच्या मागं दोन लाल रिफ्लेक्टर लावलेले दिसले.

मी म्हणलं, "मामा, इथं रात्री कोण येतंय?"

म्हणाले, "अरं, नंबर नसला म्हणून काय झालं. आपल्याला तर माहितीय ना, काय लागतं ते."

तर मंडळी, तुमच्या गावात असा कुणी मिस्त्री, अशी कुठली घरची गाडी असेल तर जरूर कळवा. नाव-गाव लपवून ठेवू, काळजी नको. आणि हंगाम सुरू झालाय, रात्री ऊसगाड्यांच्या मागं जपून चालवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.